बार्नॅकलचे गोत्र

ज्या प्राण्याला समुद्राच्या पाण्याविना जगता येत नाही, त्याच्याविषयी भंडाऱ्यात बसून लिहावे यात थोडा आगाऊपणा आहे. अरबी समुद्र इथून आठ-नऊशे किलोमीटर दूर. आमच्याकडे पाणी आहे ते वैनगंगेचे आणि तलावांचे: कोहळ्यांनी बांधलेले, पुढे मालगुजारांच्या नावावर गेलेले आणि आता सरकारी कागदावर ‘माजी मालगुजारी’ म्हणून उरलेले तलाव. तरीही बार्नॅकल इथे आहे. प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बहुतेक महाविद्यालयांप्रमाणे आमच्याही प्रयोगशाळेच्या कपाटात तो बरणीत बसलेला आहे. फॉर्मालिनमध्ये पिवळट पडलेला, बरणीवर झरणीने लिहिलेली चिठ्ठी: ‘बॅलॅनस, मुंबई’. शेजारच्या बरणीत ‘लेपस’, आणि त्याच्याही पलीकडे पोटाखाली गाठोडे बांधल्यासारखा दिसणारा एक खेकडा, ‘सॅक्युलिना’. मराठीच्या तासिका संपल्यावर मी त्या प्रयोगशाळेत चहाला जात असे. या तीन बरण्या एकाच वर्गातल्या, एका कुळातल्या आहेत, हे प्राणिशास्त्राच्या सरांनी सांगितले तेव्हा प्रथम ते थट्टा करीत आहेत असे वाटण्यासारखीच ती गोष्ट होती. एक दगडाला चिकटलेले चुनखडीचे बुचकुळे, एक देठावर उगवलेला शिंपला, आणि एक निराकार पिशवी. यांचे गोत्र एक ठरवले कोणी, आणि कशावरून? पुढचे सारे वाचन या प्रश्नातून निघाले.

कोकणात गेलेल्यांनी बार्नॅकल पाहिलेला असतो, पण तो प्राणी म्हणून नव्हे. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या खडकांवर, धक्क्याच्या खांबांवर, होडीच्या तळाला जी पांढरट, खरखरीत, अनवाणी पायाला कापणारी पुटे दिसतात, ती त्याची वस्ती. ओहोटीला प्रत्येक कवच बंद. भरतीचे पाणी चढले की माथ्यावरची झाकणे उघडतात आणि आतून पिसासारखे, कुरळ्या केसांसारखे काही तरी बाहेर येऊन पाण्याला मुठीत धरावे तसे आत ओढले जाते. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. ते पिसासारखे काही तरी म्हणजे त्याचे पाय. सहा जोड्या, प्रत्येक पाय दुभंगलेला. ‘सिरिपीडिया’ या नावाचा अर्थच कुरळ्या पायांचे. हा प्राणी आपल्या घरात डोक्यावर उभा राहतो आणि पायांनी जेवण तोंडाकडे ढकलतो. आयुष्यभर तिथेच. जागा बदलणे नाही.

आता अशा प्राण्याला कुठे बसवायचे? लिनियसने १७५८ च्या आवृत्तीत सजीवांची मांडणी केली तेव्हा कवच आहे म्हणून त्याला शंख-शिंपल्यांच्या पंक्तीत, ‘कृमीं’च्या मोठ्या रकान्यात घातले. हा निर्णय आज हास्यास्पद वाटतो, पण त्याकाळी तो अगदी समंजस होता. दिसते ते काय? चुन्याचे घर, आत मऊ देह, जागेवर स्थिर. कालवाचेही तसेच. पुढे कुव्हिएने, ज्याच्या एवढा शरीररचनेचा जाणकार त्या काळात युरोपात दुसरा नव्हता, प्राणी फाडून आत पाहिले, पायांना सांधे आहेत हेही पाहिले, आणि तरीही त्यांना मृदुकाय प्राण्यांतच ठेवले. प्रौढ देहाकडे पाहून निर्णय करायचा तर कुव्हिएसारख्याचीही गत अशी होते.

त्याआधीचा इतिहास तर साहित्याच्या विद्यार्थ्याला अधिक जवळचा आहे. देठाचा बार्नॅकल, म्हणजे लेपस, समुद्रात वाहत आलेल्या ओंडक्यांना लटकलेला असतो. कवच निळसर पांढरे, त्यातून डोकावणारे काळे कुरळे पाय, खाली मानेसारखा देठ. बाराव्या शतकात गिराल्डुस नावाच्या वेल्श धर्मोपदेशकाने आयर्लंडच्या वर्णनात लिहून ठेवले की एका जातीचे हंस अंड्यातून जन्मतच नाहीत, ते समुद्रातल्या लाकडावर असे उगवतात, आणि हे आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. ते हंस हिवाळ्यात थव्यांनी येत, त्यांची घरटी मात्र कुणी पाहिलेली नव्हती, कारण ती दूर उत्तरेला ध्रुवप्रदेशात होती. मग ही कथा टिकण्याला एक व्यावहारिक कारणही मिळाले. जो पक्षी मांसातून जन्मत नाही तो मांस नव्हे, तेव्हा उपवासाच्या दिवशी तो खायला हरकत नाही! साबुदाणा आणि वऱ्याच्या तांदळावर पोसलेल्या आपल्या समाजाला या तर्कशास्त्राचे नवल वाटायला नको. पोप तिसऱ्या इनोसंटने १२१५ च्या सुमारास याला मनाई केली असे सांगतात. १५९६ साली ध्रुवाकडे निघालेल्या बॅरेन्ट्सच्या डच खलाशांना स्पिट्सबर्गनमध्ये अशा हंसांची घरटी आणि अंडी सापडली, तरी कथा मेली नाही. लिनियसने देखील या जातीला जे नाव दिले, ‘लेपस अनातिफेरा’, त्यात ती आजवर जिवंत आहे: अनातिफेरा म्हणजे बदक धारण करणारी. वर्गीकरणाच्या शास्त्रात लोककथा अशी अश्मीभूत होऊन राहते.

हा गुंता सोडवला तो कोणा प्राध्यापकाने नव्हे, एका लष्करी डॉक्टराने. जॉन व्हॉन थॉम्प्सन आयर्लंडच्या कॉर्क बंदरात नेमणुकीवर होता. समुद्रात तलम जाळे ओढून हाती लागेल तो बारीक जीव भिंगाखाली पाहायचा, हा त्याचा छंद. १८२६ च्या वसंतात त्याला दोन शिंपांच्या मध्ये बसलेले, पायांनी भराभर पोहणारे, डोळे असलेले काही सूक्ष्म जीव मिळाले. दिसायला कोळंबीच्या गणगोतातले. त्याने ते समुद्राच्या पाण्यात काचेच्या भांड्यात ठेवले. काही दिवसांनी त्यातल्या दोघांनी कात टाकलेली होती आणि ते भांड्याच्या तळाला घट्ट चिकटून बसले होते: चिमुकले बार्नॅकल होऊन. १८३० साली त्याने हे छापले. चारच वर्षांत जर्मनीत बुर्माइस्टरने त्याला दुजोरा दिला. शिंपल्यांच्या रकान्यातून नाव खोडले गेले आणि बार्नॅकल खेकडे-झिंग्यांच्या घरी, कवचधारी संधिपादांत, परत आला. लिनियसपासून मोजले तर बहात्तर वर्षांनी.

मला इथे थांबावेसे वाटते. थॉम्प्सनने प्रौढ प्राण्याविषयी नवे काहीच सांगितले नव्हते. त्याने फक्त त्याचे बालपण पाहिले. ज्याला आपण जन्माचा स्थाणू समजत होतो तो आधी पोहत होता, त्याला डोळा होता, आणि त्या वयात त्याचा चेहरा त्याच्या खऱ्या आप्तांसारखा होता.

ते बालपण दोन टप्प्यांचे असते. अंड्यातून बाहेर येते ती ‘नॉप्लियस’ नावाची अळी: एक डोळा, पायांच्या तीन जोड्या, आणि डोक्याच्या पुढच्या दोन कोपऱ्यांवर बारीक शिंगे. बार्नॅकलच्या कुळाची ओळख त्या शिंगांवरून पटते. ती खाते, वाढते, कात टाकत सहा अवस्था पार करते. मग ती बदलते आणि दोन शिंपांत मिटलेली ‘सिप्रिस’ अळी होते. ही दुसरी अळी काहीच खात नाही. साठवलेल्या चरबीवर ती जगते आणि आयुष्यात तिला एकच काम असते, जागा निवडण्याचे. पुढच्या दोन शृंगिकांवर ती खडकावर अक्षरशः चालत फिरते, चाचपते, सोडते, पुन्हा पोहून दुसरीकडे जाते. आपल्याच जातीचे कोणी इथे आधी राहून गेले आहे काय, हे त्या पृष्ठभागावर उरलेल्या प्रथिनांच्या खुणेवरून तिला कळते, आणि तसे असेल तर तिथेच राहण्याकडे तिचा कल असतो. एकदा ठरले की डोके खाली टेकवून चिकटद्रव्य सोडायचे. त्यानंतर निर्णय मागे घेता येत नाही.

‘सिप्रिस’ या शब्दापाशी माझे समुद्रापासूनचे अंतर एकदम कमी झाले. हे नाव या अळीचे मूळचे नाही. ते उसने आहे. सिप्रिस हा गोड्या पाण्यातल्या एका कवचधारी प्राण्याचा वंश, ओ. एफ. म्युलरने १७७६ साली त्याला हे नाव दिले, सायप्रस बेटाच्या देवीच्या, म्हणजे ॲफ्रोडाइटीच्या नावावरून. शिंपल्यातून वर आलेल्या देवीचे नाव दोन शिंपांतल्या ठिपक्याएवढ्या जीवाला! बार्नॅकलची अळी त्याच्यासारखी दिसते म्हणून तिलाही ते चिकटले. आणि या सिप्रिसचे गणगोत, ज्यांना ऑस्ट्रॅकॉड म्हणतात, ते आमच्याकडे भरपूर आहेत. बोडीतले किंवा रोवणीनंतरच्या धानाच्या बांधीतले पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडात धरले तर मोहरीहून लहान, गुळगुळीत, दाण्यासारखे काही जीव गडगडत पोहताना दिसतात. तेच ते. उन्हाळ्यात बांधी भेगाळते तेव्हा त्यांची अंडी मातीत पडून राहतात आणि पुढच्या पावसाची वाट पाहतात.

ते इथे आजकालचे नाहीत. नागपूरला १८४५ पासून राहिलेला स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप हा टाकळीच्या आसपास दगड फोडीत हिंडायचा. लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये अडकलेल्या जुन्या तळ्यांच्या गाळात त्याला शंख, बिया, कीटकांचे पंख आणि याच सिप्रिससारख्या जीवांची कवचे सापडली. त्यांचे वर्णन टी. आर. जोन्सने १८६० साली लंडनमध्ये छापले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची ही तळी. डायनोसॉरांच्या अखेरच्या काळातली. या हिस्लॉपनेच गोंडांच्या बोलींचे शब्द आणि लिंगोचे गाणे टिपून ठेवले होते. १८६३ साली तो ओढ्याच्या पुरात बुडून मरण पावला आणि त्याचे कागद रिचर्ड टेंपलने १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. एकाच माणसाच्या पोतडीत ऑस्ट्रॅकॉडची कवचे आणि गोंडी गाणे. त्याच्या पोतडीतली पहिली वस्तू भूशास्त्रज्ञांनी नेली, दुसरी मानववंशशास्त्रज्ञांनी. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात, मी जेवढे शिकवले आणि शिकलो त्यात, तिला कोणताच रकाना मिळालेला नाही.

रकान्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो. काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या वर्गात वैनगंगेकाठच्या एका गावचा विद्यार्थी होता, ढिवर कुटुंबातला. त्याने वडिलांच्या जाळ्यावर आठ-दहा पानांचे लेखन केले होते. जाळे विणणे, त्याला शिसे लावणे, तलावाच्या लिलावात सोसायटीने बोली हरणे, नंतरचे निमूट दिवस. भाषा अशी की वाक्य वाचताना हाताला ओल लागावी. एका स्पर्धेला ते पाठवायचे होते आणि अर्जात एक रकाना होता: प्रवाह. खाली पर्याय छापलेले, ग्रामीण, दलित, आदिवासी, स्त्रीवादी, इतर. तो अर्ज घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, “सर, यात मी कुठं खूण करू?” प्रश्नात तक्रार नव्हती, खरोखरची अडचण होती. ग्रामीण म्हणावे तर ग्रामीण साहित्याच्या आपल्या कल्पनेत शेत असते, बैल असतो. त्याच्या घरी गुंठाभर शेत नव्हते. दलित म्हणावे तर ते नाव ज्यांनी झगडून मिळवले त्यांचे अनुभव वेगळे. आदिवासी म्हणावे तर दाखल्यावर तसे नाही. दाखल्यावर ‘भटक्या जमाती (ब)’ आहे. पिढ्यान्‌पिढ्या एकाच तलावाच्या पाळीवर राहिलेल्या कुटुंबाला कागदावर भटके म्हटले जाते, हा विनोद तो स्वतःच हसत सांगत असे. उरला ‘इतर’. तो त्याला नको होता, आणि माझ्या मते त्याचे बरोबर होते.

मी त्या दिवशी त्याला थॉम्प्सनची गोष्ट सांगितली. उपदेश म्हणून नव्हे. माझ्या डोक्यात तेव्हा तीच होती म्हणून. आपली समीक्षा प्रौढ कवच पाहून निर्णय करते असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. पुस्तक छापून झाले, प्रमाणभाषेच्या संपादकाने त्यावर हात फिरवला, मलपृष्ठावर चार ओळी आल्या, की त्या घट्ट झालेल्या पांढऱ्या घराकडे पाहून आपण म्हणतो: हे अमक्या पंक्तीतले. ते लेखन आधी कुठल्या पाण्यात पोहत होते, कुणाच्या बोलण्यातून उठले, त्याला तेव्हा डोळा होता काय, हे पाहणारा थॉम्प्सन क्वचित भेटतो. आमच्या बोलीचेही असेच झाले. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात, १९०५ साली, भंडाऱ्याचे बोलणे वऱ्हाडी-नागपुरीच्या खाली लावले गेले आणि पुढे कित्येक दशके आमचे विद्यार्थी आपण ‘वऱ्हाडी’ बोलतो असे परीक्षेत लिहीत राहिले. झाडीबोली म्हणून तिची वेगळी मांडणी डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी केली ती घराघरांतले बोलणे, गाणी, दंडारीतले संवाद ऐकून. म्हणजे भाषा जिथे अजून पोहत असते तिथे जाऊन.

मात्र यावर काही जण लगेच म्हणतात की मग रकानेच नकोत, साहित्य ते साहित्य. हे मला मान्य नाही. बार्नॅकलला शिंपला म्हणणे चूक ठरले म्हणून प्राण्यांना नावे देणे बंद झाले नाही. उलट ती चूक दुरुस्त झाल्यावरच कोणी तरी पुढची आठ वर्षे त्या एका गटावर घालवू शकले.

ते कोणी तरी म्हणजे डार्विन. १८४४ मध्ये त्याने जातींच्या बदलाविषयीचा मसुदा लिहून, आपण मेलो तर तो छापावा अशी पत्नीला चिठ्ठी लिहून, बाजूला ठेवलेला होता. १८४५ मध्ये त्याचा मित्र हूकर, दुसऱ्या कुणा लेखकाविषयी बोलताना, लिहून गेला की ज्याने स्वतः पुष्कळ जातींचे बारकाईने वर्णन केलेले नाही त्याला जातींच्या प्रश्नावर बोलण्याचा फारसा अधिकार नाही. डार्विनने ते स्वतःला लावून घेतले. १८४६ च्या ऑक्टोबरात त्याने चिलीच्या किनाऱ्यावरून आणलेला, एका शंखाच्या कवचात भोके पाडून राहणारा विचित्र बार्नॅकल भिंगाखाली घेतला. काही महिन्यांचे काम असा त्याचा अंदाज होता. ते १८५४ च्या सप्टेंबरात संपले. हयात जातींवर दोन खंड, जीवाश्मांवर दोन. घरी हे इतके नित्याचे झाले की त्याच्या एका मुलाने शेजारच्या गृहस्थाविषयी विचारले म्हणे, ते आपले बार्नॅकल कुठे करतात? वडील झाले की बार्नॅकल करायचेच असतात, अशी त्या मुलाची समजूत.

याच वर्षांत, १८५१ च्या एप्रिलमध्ये, त्याची दहा वर्षांची मुलगी ॲनी गेली. त्याच वर्षी पहिला खंड निघाला. त्या पानांत ती कुठेही नाही, तशी ती असणारही नाही. पण दुःखातल्या माणसाला मोजमापाचे काम काय देते, हे ज्यांनी कधी मृत्यूनंतरच्या आठवड्यात उत्तरपत्रिका तपासल्या आहेत त्यांना सांगायला नको. पुढच्या वर्षी त्याने एका मित्राला लिहिले की बार्नॅकलचा इतका तिरस्कार आजवर कुणी केला नसेल.

या आठ वर्षांत त्याला जे सापडले त्यातले दोन भाग मला महत्त्वाचे वाटतात. पहिला नवऱ्यांचा. बार्नॅकल बहुधा उभयलिंगी असतात. पण ‘इब्ला’ नावाच्या वंशाच्या एका जातीत त्याला मादीच्या कवचाच्या आत चिकटलेले, परजीवी वाटणारे, बारीक ठिपके दिसले. ते परजीवी नव्हते. ते नर होते, जवळजवळ निव्वळ रेताची पिशवी होऊन राहिलेले. तिच्याच भाईबंदांच्या दुसऱ्या जातीत तर उभयलिंगी प्राण्यालाही असे पूरक नर होते. म्हणजे उभयलिंगी ते भिन्नलिंगी या प्रवासातल्या पायऱ्या त्याला एकाच कपाटात शेजारी शेजारी मिळाल्या. दुसरा भाग निराशेचा. १८५३ मध्ये हूकरला त्याने कळवले की काही रूपे वेगवेगळ्या जाती म्हणून लिहायची, मग ते फाडून सगळ्यांची एक जात करायची, मग तेही फाडून पुन्हा वेगळ्या करायच्या, असे आपले चालले आहे. जो माणूस मनात जाणून होता की जातींच्या सीमा मुळातच वाहत्या आहेत, त्यालाही टेबलावर रेघ मारताना हात कापत होता. आणि तरी त्याने ती मारली. १८५९ च्या ग्रंथात गर्भाविषयीच्या भागात त्याने नेमके बार्नॅकलचेच उदाहरण घेतले: कुव्हिएला जे दिसले नाही ते अळीकडे एक नजर टाकताच दिसते, कारण बालरूपातले साम्य एका पूर्वजाची साक्ष देते. गोत्र हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. वर्गीकरण म्हणजे वस्तूंचे कप्पे नव्हेत, वंशावळ, हे त्या आठ वर्षांचे फळ.

आपल्या किनाऱ्यावरही हे काम झाले, आणि त्यात मराठी नावे आहेत. भारतातल्या देठाच्या बार्नॅकलांची मांडणी कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियममधून नेल्सन अॅनन्डेलने १९०९ साली केली. पुढे तोच भारतीय प्राणिविज्ञान सर्वेक्षणाचा पहिला संचालक झाला. मुंबईच्या खडकांवरच्या लहान बार्नॅकलवर करंदे आणि पालेकर यांचा निबंध १९६३ सालचा. वाघ आणि बाळ यांनी पश्चिम किनाऱ्यावरच्या बिनदेठी जातींची तपासणी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९७४ साली छापली. जहाजांच्या तळाला बसलेल्या पुटांमुळे वेग घटतो, इंधन वाढते, म्हणून नौदलाला आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेला या अळीच्या जागा निवडण्यात रस. आमच्या बरणीतल्या ‘बॅलॅनस’चे नावही आता पूर्वीचे राहिलेले नाही. मुंबई बंदरात सर्वत्र आढळणारी जी जात डार्विनने १८५४ साली अँफिट्रायटी या सागरदेवीच्या नावाने नोंदवली, ती २००४ पासून ‘अँफिबॅलॅनस’ या नव्या वंशात गेली. चिठ्ठी बदलायला हवी असे सर म्हणाले होते. ते निवृत्त झाले, चिठ्ठी आहे तशीच आहे.

तिसऱ्या बरणीविषयी अजून बोललो नाही. सॅक्युलिना. खेकड्याच्या पोटाखाली दिसते ती पिशवी म्हणजे या प्राण्याचा बाहेरचा, अंडी धरणारा भाग. उरलेला सगळा देह मुळांसारखा खेकड्याच्या आत पसरलेला. त्याला पाय नाहीत, तोंड नाही, कवच नाही. ज्याच्यावरून कुळ ओळखावे असे प्रौढपणी त्याच्याजवळ काहीच उरलेले नाही. खेकडा त्या पिशवीला स्वतःची अंडी समजून जपतो. नर खेकड्याला ही लागण झाली तर त्याचे पोट मादीसारखे रुंद होते आणि तोही ती माया करू लागतो. हे सारे बुरशीसारखे, रोगासारखे दिसणारे प्रकरण बार्नॅकलच्या कुळातले, याचा पुरावा एकच: त्याच्या पिशवीतून बाहेर पडणारी पिल्ले. डोक्याच्या कोपऱ्यांवर दोन शिंगे असलेली नॉप्लियस, आणि तिच्यानंतर सिप्रिस. बरणीपुढे उभे राहून त्या विद्यार्थ्याने हे ऐकले आणि बराच वेळ त्या खेकड्याकडे पाहत राहिला. त्याच्या घरी खेकडे नेहमीचे. पण ते गोड्या पाण्यातले. असा खेकडा त्याने पाहिलेला नव्हता.

अर्जाचे काय झाले ते सांगायला हवे. त्याने प्रवाहाच्या रकान्यात खूण केली नाही आणि ‘इतर’पुढच्या रिकाम्या जागेत फक्त आपल्या तलावाचे नाव लिहिले. लेखनाला बक्षीस मिळाले नाही. अर्ज अपूर्ण ठरला की लेखन पसंत पडले नाही, ते कळवण्याची त्या स्पर्धेत पद्धत नव्हती. त्यानंतरही तो लिहितो आहे, आणि मला पाठवतो.

अलीकडे मी त्याला एक नवी माहिती कळवली. २०२१ मध्ये बार्नॅकल आणि त्यांच्या आप्तांचे संपूर्ण वर्गीकरण नव्याने मांडले गेले: तीन उपवर्ग, चौदा गण, पासष्ट कुले, सुमारे २,११६ जाती. या तीन उपवर्गांपैकी ‘फासेटोटेक्टा’ नावाच्या एकाची कथा अशी, की त्याच्या अळ्या हान्सेनने १८९९ साली वर्णिल्या आणि त्यांना नाव सुचेना म्हणून इंग्रजी ‘वाय’ अक्षर लावले. त्यानंतर जगभरच्या समुद्रांत त्या सापडत राहिल्या, तऱ्हातऱ्हांच्या, शेकड्यांनी. प्रौढ मात्र आजतागायत एकही कुणाला निसर्गात मिळालेला नाही. २००८ साली जपानमध्ये पकडलेल्या अशा अळ्यांना कात टाकायला लावणारे संप्रेरक देऊन पाहिले, तेव्हा त्यांतून गोगलगायीसारखा मऊ, पाय नसलेला, डोळे गळून गेलेला एक लहानसा देह बाहेर आला. पुढे काय, ते तिथेच थांबले.

त्याचे उत्तर फोनवर लगेच आले. “मग मोठे झाल्यावर ते राहतात कुठं, सर?”

मी लिहिले, दुसऱ्या कुणाच्या तरी आत, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. कुणाच्या, ते अजून शोधताहेत.